रांगेत एक्क्याण्णवावी

६ जानेवारी

आज मी आणि दादा आईच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून नळीत थुंकलो. ऐकायला सोपं वाटतं. नळीवर एक रेघ असते, तिथपर्यंत लाळ भरायची आणि फेस धरायचा नाही. त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी दादाकडे बघितलं की मला हसू यायचं, मला हसू आलं की त्याला यायचं, आणि हसताना तोंड कोरडं पडतं हे मला आज वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. शेवटी आई म्हणाली, "लिंबू आठवा." लिंबू आठवल्यावर दादाची नळी दोन मिनिटांत भरली. माझी भरायला पंचवीस मिनिटं लागली.

"तू लहानपणापासून कंजूषच आहेस, मुंगे," दादा म्हणाला. मला मुंगी म्हणणारा जगात तो एकटाच.

ही वही नवऱ्याने दिली आहे. "रोज माझं डोकं खातेस, त्यातलं थोडं हिचं खा," म्हणाला. त्याला वाटलं मी चिडेन. मी लगेच पेन शोधायला गेले.

तर थुंकण्याचं कारण. दादा एक्केचाळीस वर्षांचा आहे. बाविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कोणी नसताना आवाज ऐकू यायचे, शेजारी भिंतीतून आपले विचार काढून घेतात असं वाटायचं. तीनदा दवाखान्यात राहून आला. आता अकरा वर्षं गोळ्या नियमित आहेत, आईबरोबर राहतो आणि सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला जातो. वाकड्या झालेल्या चाकाचा आऊट काढावा तर त्यानेच. विद्यापीठाचे लोक अशा घरांतल्या भावंडांचे जनुकीय फरक तपासतायत, आणि ज्यांना हवं त्यांना त्यांचा निकालही सांगणार आहेत. फॉर्म दादानेच आणला. "निकाल कळवावा का?" या प्रश्नापुढे त्याने आधी स्वतः 'हो'वर खूण केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. त्याला काय, चौकोन दिसला की खूण करायची सवयच आहे.

नळ्यांवर त्यांनी स्टिकर लावून दिले होते. पण मी रंगाच्या दुकानात रंग मिसळते, स्टिकरचा भरवसा मला कोणी सांगू नये. डब्यावरून स्टिकर निघतो आणि बैठकीच्या खोलीचा रंग संडासाला जातो. म्हणून आम्ही झाकणावर त्याच रंगाचा ठिपका देतो. मी पर्समधून दोन छोट्या बाटल्या काढल्या, दादाच्या झाकणावर पिवळा ठिपका दिला, माझ्यावर निळा.

आता खरं ते लिहिते. लग्नाला सात वर्षं झाली. नवऱ्याला मूल हवंय, मलाही हवंय, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यात मी तरबेज झाले आहे. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, याच आजारात गेला. मग दादा आजारी पडला. मग माझं मूल? हे दोन शब्द मी मोठ्याने कधी उच्चारलेले नाहीत. आता माझा आकडा येईल. लहान आला तर हो, मोठा आला तर नाही. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

२१ जानेवारी

सल्लागारबाईंकडे गेलो होतो, निकालाआधी समजावून सांगतात तसं. खोलीत तीन खुर्च्या, एक कुंडी, आणि टेबलावर कागदी रुमालांचा नवा कोरा डबा. तो बघूनच मला रडू यायला लागलं.

बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, माणसामाणसांत जनुकांच्या लाखो जागी एकेका अक्षराचा फरक असतो. त्यातल्या शेकडो जागा या आजाराशी जोडलेल्या सापडल्या आहेत, अजून सापडतायत. पण एकेका जागेचा धक्का अगदी नगण्य, आणि यातले कितीतरी फरक प्रत्येकाच्याच अंगात असतात. मोजक्या लोकांमध्ये एखादा मोठा तुकडा गायब असतो किंवा दुप्पट असतो, ते प्रकरण वेगळं. तसलं तुमच्या घरात काही नाही, तेवढं तपासून झालंय.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या रंग मिसळायच्या यंत्रासारखं. पांढऱ्या डब्यात बारा नळ्यांमधून थेंब पडतात. एका थेंबाने काही होत नाही, डबा पांढराच दिसतो."

"बरोबर. आणि तोच डबा दोन वेगळ्या भिंतींना लावला तर?"

"शेड वेगळी दिसते. एखाद्या भिंतीला ओल असते, एखादीवर उजेड वेगळा पडतो. मग गिऱ्हाईक येऊन माझ्याशी भांडतं."

बाईंनी हे चक्क लिहून घेतलं. मला इतका अभिमान वाटला की पुढची पाच मिनिटं मी काही ऐकलंच नाही. ऐकू यायला लागलं तेव्हा आकडे चालले होते. सर्वसाधारणपणे हा आजार शंभरात एखाद्याला होतो. ज्यांच्या मामाला किंवा काकाला तो आहे अशा मुलांमध्ये शंभरात दोन-तीन, फार तर चार. "म्हणजे निदान शहाण्णव ठणठणीत," बाई म्हणाल्या. त्यांनी हे दोनदा सांगितलं आणि दादाने दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त चार उरले होते.

२ फेब्रुवारी

रविवार. आईकडे. नेहमीप्रमाणे दादा अंघोळीला गेला तेव्हा त्याच्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. अकरा वर्षं मी दर रविवारी मोजते आणि त्याला पत्ता नाही. पूर्वी डबा वरच्या फळीवर असायचा, मला स्टूल घ्यावं लागायचं आणि स्टूल करकरायचं. गेली दोनेक वर्षं तो खालच्या फळीवर असतो, रिकामी पाकिटंसुद्धा शेजारी नीट रचलेली. दादाला स्वतःलाच सोयीचं पडत असणार. त्याच्याकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच.

जेवताना म्हणाला, "बारीक झालीस. झोप लागत नाही का?" मी म्हटलं, दुकानात काम फार आहे. त्याने आपल्या ताटातला बटाटा माझ्या ताटात टाकला.

१८ फेब्रुवारी

निकाल.

एकेकाला आत बोलावलं. आधी दादा गेला, दहा मिनिटांत बाहेर आला आणि पाणी प्यायला गेला. मग मी. बाईंनी एक कागद पुढे केला. त्यावर शंभर माणसांची रांग काढलेली होती, कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे. त्यातलं एक माणूस रंगवलेलं होतं. एक्क्याण्णवावं. ते मी.

बाई बोलत होत्या. हा आकडा म्हणजे भविष्य नाही. रांगेच्या या टोकाची बहुतेक सगळी माणसंही आयुष्यभर निरोगी राहतात. यावरून कुठलाच डॉक्टर काही ठरवत नाही. मी मान डोलावत होते. गिऱ्हाइकाला ऑइल पेंट आणि डिस्टेंपरमधला फरक सांगताना ते डोलावतं, अगदी तशीच.

बाहेर दादा थांबला होता. "माझा बघ," म्हणून त्याने आपला कागद माझ्या हातात दिला. त्याचं रंगवलेलं माणूस चोपन्नावं होतं. जवळजवळ मधोमध.

"तुझा?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं आणि कागद पर्समध्ये कोंबला.

१९ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळ्यांची अदलाबदल झाली आहे! आजारी तो, ठणठणीत मी, आणि आकडे उलटे. याला दुसरा अर्थच काय? इतका आनंद झाला की तोंडात ब्रश असतानाच नवऱ्याला सांगितलं. त्याला एक अक्षर कळलं नाही. मग चूळ भरून पुन्हा सांगितलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट अडकली की आतला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, हे त्याचं आवडतं वाक्य आहे. आज ते म्हणाला नाही, पण माझ्याकडे बघून हसला ते त्याच अर्थाने.

२३ फेब्रुवारी

चार दिवस पुरावे गोळा करतेय. नळ्या पाठवल्या तो दिवस सोमवार होता, सोमवारी सगळीकडे चुका होतात. दादाच्या नळीत फेस जास्त होता. माझ्या नळीचा स्टिकर किंचित तिरका होता, म्हणजे तो निघण्याच्या बेतात असणार. दुकानातल्या हिशेबनीसबाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग फोन करून विचार ना." लोकांना तपास म्हणजे काय ते कळतच नाही.

चोपन्न हा आकडा मला फार आवडायला लागला आहे. मधोमध. घरंदाज आकडा आहे. काल जुळवलेल्या एका रंगाच्या कृतीत चोपन्न आलं तर मी उगाचच खूश झाले.

गंमत म्हणजे चोपन्न माझा असेल तर एक्क्याण्णव दादाचा होतो, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. जरा लाजच वाटली.

२७ फेब्रुवारी

फोन केला. सगळा तपास बाईंना क्रमवार सांगितला, सोमवारपासून तिरक्या स्टिकरपर्यंत. निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचंही सांगितलं, म्हटलं झाकणं बघा.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठिपके आमच्या नोंदीत आहेत. पिवळा भावाच्या क्रमांकावर, निळा तुमच्या. झाकणांवर रंग कोणी लावला म्हणून प्रयोगशाळेत दोन दिवस चर्चा चालली होती. पण ठिपके नसते तरी चाललं असतं. तुम्ही बहीण, ते भाऊ. नळ्या बदलल्या असत्या तर तुमच्या नावावर पुरुषाची जनुकं निघाली असती. ते यंत्र सगळ्यात आधी बघतं."

हे नववीत शिकलेय मी! आकृती काढून पाच गुण मिळवलेत!

मग मला हसू यायला लागलं. बाईंनाही आलं. दुकानाच्या मागच्या खोलीत डब्यावर बसून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणजे हे सगळे थेंब माझ्यातच आहेत. दादापेक्षा जास्त. जन्मल्यापासून. ते घेऊनच मी शाळेत गेले, लग्न केलं, ठेकेदारांशी भांडले, रोज साठ-सत्तर डबे मिसळले. आणि दादा, मधोमध उभा असलेला, तो आजारी पडला.

"का?" मी विचारलं.

"सगळं माहीत नाही आम्हाला," बाई म्हणाल्या. "काही जनुकं, काही जन्माआधीचं, काही नंतरचं, काही निव्वळ योगायोग. पण तुम्ही हा आकडा कशासाठी मागत होतात?"

मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच, मोठ्याने. माझं मूल.

बाई म्हणाल्या, "हा आकडा ते ठरवू शकत नाही. मीही नाही. ठरवायला दोघं आहात तुम्ही. आणि मनातलं विचारायला, मला वाटतं, तुमच्याकडे माझ्यापेक्षा जाणकार माणूस आहे."

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. गरज नव्हती.

१ मार्च

हे नीट लिहून ठेवायचंय.

आईकडे गेले. दादा आणि आई चहा पीत होते. मी माझा कागद टेबलावर ठेवला. दादाने रंगवलेलं माणूस बघितलं, बोटाने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"एक्क्याण्णव? तुझा? म्हणजे आपल्या दोघांत शहाणा मी!" तो इतका हसला की चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून आईच्या मांडीवर गेला. मग मी नळ्यांच्या तपासाची गोष्ट सांगितली. "तुझ्या नावावर पुरुष!" म्हणून त्याने टेबलावर डोकंच टेकवलं. आई "मेल्यांनो, भाजेल मला" म्हणत पदर झटकत होती आणि हसतही होती.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "चला. आता तरी बोल."

"काय बोलू?"

"मुंगे, सात वर्षं तू माझ्यामुळे थांबली आहेस."

"नाही रे."

"मला आवाज ऐकू येत होते. दिसायचं कधी बंद झालं नव्हतं. फॉर्म काय मी हौस म्हणून आणला? तुला कागदावर काहीतरी लिहून आल्याशिवाय पटत नाही. आणि गोळ्या मोजतेस ना, खुशाल मोज. त्यासाठीच डबा खाली ठेवलाय. स्टुलावरून पडली असतीस एखाद्या रविवारी."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. अकरा वर्षं! मी म्हटलं, "मला भीती वाटते, दादा. त्याचं तुझ्यासारखं झालं तर?"

म्हटलं आणि जीभ चावली. सात वर्षं मी हेच वाक्य त्याच्यापासून लपवत होते. आई कप उचलायची थांबली.

दादा रागावला नाही. "ते दिवस फार वाईट होते," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण ते दिवस म्हणजे मी नाही. मला आवडतं गं जगायला. सकाळी वर्कशॉपचं शटर उचलायला आवडतं. वाकडं चाक सरळ फिरायला लागलं की आवडतं. माझ्यासारखं झालंच, तर गोळ्यांची नावं मला पाठ आहेत, चांगला डॉक्टर कोण ते मला माहीत आहे, आणि भिंतीतून कोणी काही चोरत नाही हे त्याला माझ्याइतकं पटवून कोण सांगेल? आणि नाही झालं, तर त्याला सायकल शिकवीन."

मी रडत होते. आईही.

"आणि अजून एक," तो म्हणाला. "आपल्या घरात 'मामा' शब्द निघाला की सगळे आवाज खाली आणतात. लहानपणापासून बघतोय. मला कोणीतरी मोठ्याने मामा म्हणायला हवंय."

आईने डोळे पुसले. एकोणीस वर्षांत ती जे बोलली नाही ते बोलली. "मला वाटायचं, माझ्याच माहेरातून आलं हे. माझ्यामुळे तुला झालं."

"आई, थेंब दोन्हीकडून येतात," मी म्हटलं. "बाईंनी सांगितलंय. निम्मे बाबांचे."

आईने भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं. "ऐकलंत?" ती म्हणाली. "आणि एवढी वर्षं तुमच्या बहिणीने मला बोलून घेतलं!"

पुन्हा हसू. मग संध्याकाळपर्यंत आई मामाबद्दल बोलत होती, आवाज खाली न आणता. तो शिट्टीवर अख्खं गाणं वाजवायचा. आईची वेणी घालून द्यायचा, कारण तिला स्वतःला कधी सरळ भांग पाडता आला नाही. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की त्याच्याबद्दल विचारायचं नाही.

२ मार्च

सकाळी नवऱ्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी नको."

त्याचा चेहरा पडला. कप खाली ठेवून म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

"यंदाच बघू," मी म्हटलं.

पहिल्यांदा त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने मला उचललं, पाठीत उसण भरली, आणि आज एका अकरा मजली इमारतीची लिफ्ट बंद राहिली. मी दिवसभर त्याची पाठ शेकत होते आणि दोघंही मूर्खासारखे हसत होतो.

भीती गेली का? नाही. आहेच. पण आता ती एकटी निर्णय घेत नाही.

५ एप्रिल

अजून काही नाही. हिशेबनीसबाई विचारत होत्या तपासाचं काय झालं. म्हटलं, गुन्हेगार सापडली, मीच निघाले.

११ ऑगस्ट

तीन महिने पूर्ण. डॉक्टरांनी सकाळी तपासलं, सगळं उत्तम आहे. आजपर्यंत नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. वही उघडायचीही भीती वाटत होती. दवाखान्यातून निघाले ती थेट दादाच्या वर्कशॉपवर गेले.

दुपारची वेळ होती. छताच्या आकड्यांना चाकं टांगलेली, पंक्चरच्या सोल्यूशनचा वास, दादा दाराकडे पाठ करून स्टँडवर एक चाक फिरवत बसलेला. मी दारातच थांबले आणि छातीत होता तेवढा श्वास भरून ओरडले, "मामा!"

मालकांनी वळून बघितलं. हवा भरायला आलेल्या एका आजोबांनीही बघितलं. दादाने बघितलं नाही. त्याचं लक्ष रिममध्ये. त्या नावाने त्याला कधी कोणी हाकच मारली नव्हती, तो कशाला वळेल?

मालकांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "अरे, तुला बोलावतायत."

"मला नसेल," तो म्हणाला. "मी कोणाचा मामा?" आणि म्हणता म्हणता वळला.

त्याने मला बघितलं. माझ्या हातातली दवाखान्याची फाईल बघितली. चाक अजून फिरत होतं, ते त्याने तळव्याने थांबवलं. उठताना त्याचा पाय पान्यांच्या डब्यात गेला आणि सगळे पाने खणखणत खाली पडले. ते त्याच्या गावीही नव्हतं.

माझ्यापर्यंत आला. ग्रीसने माखलेले हात त्याने मागे धरले, माझी साडी खराब होऊ नये म्हणून.

"परत म्हण," तो म्हणाला. "मोठ्याने."

मी म्हटलं. समोरच्या दुकानातले लोकही बाहेर आले.